लहान कार्डांवर सरकलेली छपाई : आपापले अनुभव लिहावेत

निळीशाई

कपाटाचा खालचा खण आवरताना काल रबरबँडने बांधलेला कार्डांचा एक गठ्ठा हाती लागला. रबर इतके चिकट झाले होते की ते सोडवताना वरच्या कार्डाचा पापुद्राच निघून आला. प्रबंधासाठी शब्दसूची करत असताना घरच्या इंकजेट प्रिंटरवर तीन बाय पाच इंचांची, म्हणजे ७६ × १२७ मि.मी.ची कार्डे छापण्याचा घाट मी घातला होता, त्यातली ही वाया गेलेली कार्डे. बहुतेकांवर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द उमटलेलाच नाही आणि काहींवर मजकूर चढण चढल्यासारखा तिरका गेला आहे. एका कार्डावर ‘वळचण’ हा शब्द आहे, त्याखाली अर्थ आहे आणि शेवटी नुसतेच ‘पाहा :’ आहे. काय पाहायचे, ते कडेबाहेर राहिले आणि आता मलाही आठवत नाही.

त्या वेळी मी आठवडाभर समास कमी-जास्त करत बसले होते आणि अखेर कंटाळून उरलेली सूची हातानेच लिहून काढली. प्रिंटर जुना असला तरी अजून चालतो आणि कोरी कार्डेही शिल्लक आहेत, म्हणून पुन्हा एकदा प्रयत्न करावा असे मनात आले. आपल्यापैकी कोणी या वाटेने गेले असल्यास आपले अनुभव अवश्य लिहावेत.

कात्रण

समासाला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. साध्या कागदाचे कार्डाच्या मापाचे पाच-सहा तुकडे कापावेत, त्या सर्वांवर एकच चौकट छापावी आणि नंतर ते एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडासमोर धरावेत. सगळ्या चौकटी एकाच जागी, पण चुकीच्या जागी आल्या असतील, तर दोष मापाचा किंवा सेटिंगचा असतो आणि तो संगणकावर दुरुस्त होतो. प्रत्येक तुकड्यावर चौकट निराळीकडे गेली असेल, तर दोष कागद ओढण्यात असतो आणि मग समास कितीही बदलले तरी काही उपयोग होत नाही. हा फरक न कळल्यामुळे मी स्वतः दोन पाकिटे कार्डे फुकट घालवली आहेत.

अर्धविराम

दोनच? मग आपण नशीबवान आहात. माझ्या घरी वाणसामानाची यादी अजूनही माझ्या फसलेल्या कार्डांच्या पाठीवर लिहिली जाते.

रिकामा ट्रे

माझा प्रिंटर लेझर होता आणि त्यात कागद मधोमध धरला जात असे. कार्ड ट्रेच्या मध्यभागी बरोबर बसवूनही ते कोरेच बाहेर येई. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, कागदाचे माप ए-४ असेच राहिले आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. ए-४ ची रुंदी २१० मि.मी. आणि कार्डाची ७६, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने पानाची डावी कड माझ्या कार्डाच्या सुमारे ६७ मि.मी. आधीच सुरू होत होती आणि माझा मजकूर जिथे कागदच नव्हता तिथे छापला जात होता. ते टोनर, म्हणजे लेझरची शाईची पूड, आतल्या रोलरवर बसले आणि पुढच्या दहा-बारा कार्डांच्या पाठी काळ्या करून गेले. मला वाटले, कार्डेच मळकी निघाली.

माप दोन ठिकाणी द्यावे लागते, हे ध्यानात ठेवावे. लेखनाच्या प्रोग्राममध्ये पानाचे माप द्यायचे आणि तेच माप प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही द्यायचे. त्यांतले एक जरी चुकले, तरी दुसऱ्याचा काही उपयोग होत नाही. ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून ‘मूळ आकार’ निवडावा, नाहीतर यंत्र मजकूर गुपचूप आक्रसून टाकते.

खणातला

मी बरीच वर्षे ग्रंथालयात काम केले आहे, म्हणून एक शंका विचारतो. आपली कार्डे खरोखरच ७६ × १२७ आहेत का? ग्रंथालयाच्या तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या सूचीची, कार्डे ७५ × १२५ मि.मी. मापाची असतात. दोन्ही मापे नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसतात आणि बोलताना दोघांनाही ‘तीन बाय पाच’च म्हटले जाते. रुंदीत सुमारे एक मि.मी. आणि लांबीत दोन मि.मी. असा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, परंतु कार्डाच्या खालच्या कडेजवळ खणातली कार्डे ओवणाऱ्या सळईसाठी भोक असले आणि शेवटची ओळ त्याला खेटून येत असली, तर तेवढ्याने अक्षराच्या मधोमध भोक पडते. आमच्याकडे असे शेकडो कार्डांवर झाले, कारण माप कोणी पट्टीने मोजलेच नव्हते.

थोडे विषयांतर करतो. अमेरिकेतील ओसीएलसी या संस्थेने ग्रंथालयांसाठी तालिकेची कार्डे छापणे १ ऑक्टोबर २०१५ रोजी बंद केले. त्या दिवशी आमच्या विभागात कोणी काही बोलले नाही, पण रिकाम्या खणांवरची धूळ मात्र मी पुसली.

अर्धविराम

खणातला, त्या खणांचे पुढे काय झाले?

खणातला

एकात आता माझे स्क्रू आणि खिळे असतात, आणि त्यांनाही चिठ्ठ्या लावलेल्या आहेत.

खटखट

आमच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे दुखणे वेगळेच होते. त्यात एक खटका असतो, जो कागद दातेरी पट्ट्यांनी ओढायचा की रोलरच्या दाबाने, हे ठरवतो. सुटे कार्ड घालताना तो खटका दाबाच्या बाजूला न केल्यास कार्ड सैल राहते आणि छपाईच्या डोक्याबरोबर डावी-उजवीकडे हलते. दुसरा खटका कागदाच्या जाडीचा असतो. तो पातळ कागदावरच राहिला, तर डोके जाड कार्डाला घासते, कार्ड जागेवर अडते आणि दोन ओळी एकमेकींवर छापल्या जातात. माझ्या एका कार्डावर चार ओळींचा पत्ता एकाच ओळीत उमटला होता आणि तो वाचून दाखवण्याची पैज मी आजवर कोणाला जिंकू दिलेली नाही.

निळीशाई

सर्वांचे आभार. कात्रण यांनी सांगितल्याप्रमाणे आज सकाळी साध्या कागदाचे सहा तुकडे छापून पाहिले. सगळ्या चौकटी एकमेकींवर बिनचूक बसल्या, परंतु प्रत्येकीची उजवी उभी रेघ गायब आहे. जाड कार्डे घातली की मात्र काही सरळ येतात आणि काही तिरकी. म्हणजे माझ्याकडे दोन्ही दोष एकत्र नांदत आहेत असे दिसते.

उलटाक्रम

उजवी रेघ का जाते ते सांगतो, कारण याच प्रश्नाने माझा एक अख्खा रविवार खाल्ला होता. कार्ड यंत्रात आखूड कडेने शिरते, आपला मजकूर मात्र आडवा असतो, म्हणून ड्रायव्हर तो काटकोनात फिरवून छापतो. जुन्या इंकजेटमध्ये कार्डाची मागची कड ओढणाऱ्या रोलरमधून सुटली की त्यापुढे कागदावर नीट पकड राहत नाही, त्यामुळे यंत्र शेवटच्या बारा-तेरा मि.मी.वर छापतच नाही. ए-४ कागदावर ही पट्टी पानाच्या तळाशी येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या आडव्या कार्डावर तीच पट्टी उजवीकडे आली आणि ओळींची टोके खाऊन गेली.

तेव्हा समास वाढवत बसू नका, मजकूर उलट दिशेने फिरवा. बऱ्याच ड्रायव्हरांत आडव्या मांडणीचा उलटा प्रकारही असतो. तो नसल्यास फाइलमधले पान १८० अंशांनी फिरवावे. असे केल्यावर न छापली जाणारी पट्टी डावीकडे येते, जिथे आपण एरवीही जागा सोडतोच.

कात्रण

हे मला अजिबात सुचले नव्हते. मी त्या काळी अक्षरेच लहान केली आणि पुढे ती वाचायला भिंग घेतले.

गुळगुळीत

तिरकेपणाबद्दल माझा अनुभव लिहिते. ए-४ कागदाची २९७ मि.मी. लांबीची बाजू ट्रेच्या सरकपट्टीला टेकून सरळ राहते, पण कार्डाच्या बाजूची लांबी १२७ मि.मी.च असल्याने त्याला सावरायला फारसे काही नसते. कार्ड एका अंशाने जरी वळले, तरी त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मजकूर दोन मि.मी.हून अधिक सरकतो. म्हणून सरकपट्टी कार्डाला नुसती टेकेल इतकीच जवळ आणावी. दाबून बसवल्यास कार्ड मधोमध फुगते आणि पुन्हा तिरके जाते.

खरा गुन्हेगार मात्र बहुधा रोलर असतो. माझ्या प्रिंटरचा रबरी रोलर वर्षांनुवर्षांच्या कागदाच्या भुकटीने इतका गुळगुळीत झाला होता की त्यात बोटाचे प्रतिबिंब दिसायचे बाकी होते. साधा कागद तो कसाबसा ओढत असे, पण चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या घरातले ताठ कार्ड वळणावर अडले की रोलरची एक बाजू घसरे आणि दुसरी ओढत राही. प्रिंटरची वायर काढून, तंतू न सुटणाऱ्या फडक्याला नुसते पाणी लावून मी तो हाताने फिरवत पुसला. पहिल्या फडक्यावर काळ्या-राखाडी रेघा उमटल्या आणि चौथे फडके स्वच्छ निघाले. पूर्ण वाळल्यावरच पुन्हा छपाई केली.

रिकामा ट्रे

मी पॉलिश कागदाने घासला होता. चालला.

गुळगुळीत

काही दिवस चालतो, हे खरे आहे. पण रबराचा वरचा थर एकदा गेला की तो परत येत नाही, म्हणून मी तो सल्ला कोणाला देत नाही. आणखी एक गोष्ट राहिली. ट्रेमध्ये एकच कार्ड ठेवू नये, दहा-पंधरा ठेवावीत, म्हणजे गठ्ठ्याला उंची येते आणि रोलरचा दाब सारखा पडतो. ठेवण्यापूर्वी ती पत्त्यांसारखी पिसावीत, कारण नवी कार्डे कापलेल्या कडांनी एकमेकांना चिकटून असतात.

चौकोनी

एवढा व्याप कशाला करायचा, असे माझे स्पष्ट मत आहे. ए-४ मापाच्या जाड कागदावर अशी चार कार्डे सहज बसतात. कापण्याच्या खुणांसह छापावे आणि कटरने कापावे. गेली कित्येक वर्षे मी हेच करतो.

खणातला

कटरची पट्टी घट्ट असेल तर आपले म्हणणे मान्य. आमच्या कटरवर चौथा काप पहिल्यापेक्षा नेहमी एक मि.मी. रुंद येई, म्हणजे छपाईतला तिरकेपणा कापण्यात येऊन बसे.

खटखट

कोणी ए-४ कागदावर कार्ड चिकटपट्टीने चिकटवून छापण्याचा विचार करत असेल, तर इंकजेटमध्ये ते चालते. लेझरमध्ये मात्र मुळीच करू नये. टोनर वितळवणाऱ्या भागाचे तापमान २०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते, त्यामुळे चिकटपट्टीचा गोंद पाघळतो आणि कार्ड आतच राहते. हे ऐकीव नाही, एवढेच सांगतो.

निळीशाई

आज दुपारी सर्व उपाय एकदमच करून पाहिले. खणातला यांची शंका खरी निघाली. पाकिटावर तीन बाय पाच इंच असे लिहिले आहे, पट्टी लावली तर माप ७५ × १२५ भरले. तेच माप दोन्ही ठिकाणी घातले, मजकूर उलट फिरवला आणि रोलर तीन वेळा पुसला. वीस कार्डांपैकी पहिली दोन तिरकी आली, मध्ये एकदा दोन कार्डे जोडीने ओढली गेली, बाकीची सरळ आहेत. मजकूर अजून अर्धा मि.मी. खाली येतो, तो मी तसाच राहू देणार आहे.

जुनी हस्तलिखित वही शोधून ‘वळचण’चे कार्डही पुन्हा छापले. त्यावर आता ‘पाहा : पागोळी’ असे पूर्ण आले आहे.