आईचं पोट साफ होत नाही, ऑस्टिओपॅथी करून बघावी का?

परभणीकर: नमस्कार मंडळी, आईचं वय 66, बद्धकोष्ठता जुनीच आहे पण आता लई वाढलीय, तीन तीन दिवस पोट साफ होईना, झालं तरी कुंथून कुंथून घामाघूम होती अन् नुसते खडे पडतात. रोज रात्री रेचक चूर्ण घ्यायली, एकाचे दोन चमचे झाले तरी गुण नाही. पाहुण्यातले एकजण म्हणायलेत की ऑस्टिओपॅथीवाले हातानं पोट मोकळं करतात, घेऊन जा. कुणाला अनुभव आहे का? तिचे उगं हाल नको व्हायला.

नांदेडची फिजिओ: दादा, ऑस्टिओपॅथी अमेरिकेतली, अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरनं 1874 ला मांडलेली. त्यात पोट, कंबर, बरगडीखालचा श्वासाचा पडदा हातानं हळूहळू सैल करतात. काहींना आराम पडतो, पण अभ्यास छोटे छोटेच झालेत, त्यामुळं फक्त तिच्यावर विसंबू नका. पोटाची मालिश तर घरीही होते. आईला गुडघे वाकवून उताणं झोपवा, करडईचं कोमट तेल घ्या अन् तळहातानं पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून वर बरगडीपर्यंत, तिथनं आडवं डावीकडं, मग डाव्या बाजूनं खाली, मोठं आतडं असंच जातं. दुखंल एवढं दाबायचं नाही. जेवल्या जेवल्या नको, अन् हर्निया असंल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असंल तर अजिबात नको. बेंबी सरकली म्हणून जोरात पोट चोळणाऱ्यांकडं तर नेऊच नका.

लातूरचा मेडिकलवाला: आधी गोळ्या बघा. कॅल्शियम, रक्तवाढीची लोहाची गोळी, बीपीची अम्लोडिपिन, यानं पोट धरतं. स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला विचारून बदलून घ्या. थायरॉईड, शुगर तपासलीय का? अन् पाणी किती पितात ते खरंच बघा, आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरचं पाणी म्हणून बाया जपून पितात, रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर घोटही घेत नाहीत. मग इसबगोल देऊन काय होणार, पाणी कमी पडलं तर ते उलट आतच घट्ट बसतं. कमोड असंल तर पायाखाली लाकडी पाट द्या, गुडघे वर आले की जोर कमी लागतो. सकाळी चहा-नाश्ता झाला की बसवायचं, त्या वेळी आतडं आपसूक हलतं.

नांदेडची फिजिओ: एक राहिलंच, रक्त पडतंय का, वजन उतरलंय का? तसं असंल तर मालिश, चूर्ण सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

परभणीकर: रक्त नाही म्हणती, पण ब्लाऊज सैल व्हायलेत हे खरंय, उन्हानं असंल असं वाटलं होतं. अम्लोडिपिन अन् कॅल्शियम दोन्ही चालू आहेत. उद्याच गोळ्यांच्या पाकिटांसगट सिव्हिलला नेतो, ऑस्टिओपॅथीचं त्यांना विचारूनच ठरवू.