सेकंड हँड गाडी ठोकून सरळ केलेली आहे का हे कसं ओळखायचं?

मांडवीकाठ (पर्वरी):
नमस्कार मंडळी, चवथीआधी घरात गाडी यावी असं आईबाबांचं म्हणणं आहे, नवीनचं बजेट नाही म्हणून २०१९ ची स्विफ्ट पेट्रोल बघतोय, म्हापशाला एका डीलरकडे उभी आहे, जीए ०३ पासिंग, एकच मालक. गाडी एकदम चकाचक. डीलर म्हणतो एक पण क्लेम नाही, पूर्ण ओरिजिनल कलर. पण डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे उन्हात तिरके बघितले की मला बाकीच्या गाडीपेक्षा किंचित वेगळे वाटतात, रंग पांढरा त्यामुळे नक्की काही कळत नाही. ओळखीचा मेकॅनिक आहे पण तो इंजिनवाला, पत्र्याचं मला विचारू नको म्हणाला. ही गाडी बहीण रोज फोंड्याला कामावर नेणार, त्यामुळे आतून वाकलेली गाडी गळ्यात पडायला नको. नेमकं काय बघू?

पत्रा_मेस्त्री (फोंडा):
बाब, पहिलं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर ओल्या गाडीला हात लावू नको, ओल्या पत्र्यावर सगळं लपतं. कोरडी गाडी, सकाळचं ऊन, आणि दरवाजाच्या लाईनीत डोळा लावून मागून पुढे बघ, पुट्टी भरलेली असेल तिथे उजेडाची रेघ थरथरल्यासारखी वाकते. पण बाहेरचा रंग हा शेवटचा मुद्दा, खरं काय ते झाकलेल्या जागी.

बॉनेट उघड. फेंडरचे आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघ, कंपनीतून येताना त्या बोल्टवर पण बॉडीचाच रंग असतो, पाना लागला की कोपऱ्यांवरचा रंग उडतो. फेंडर बदललेला चालतो, तो बोल्टावरच असतो. त्याच्या आत जो एप्रन आहे, म्हणजे इंजिनाच्या बाजूचा वेल्ड केलेला आतला पत्रा, तो महत्त्वाचा. एप्रनच्या कडेला कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे असतात, सारख्या अंतरावर, बोटाने चाचपले तरी लागतात. एका बाजूला खळगे आहेत आणि दुसऱ्या बाजूला सपाट किंवा वेल्डिंग घासून रंग मारलेला दिसला तर तिथूनच परत फीर, भाव कितीही पाडू देत.

मग दरवाजे आणि डिकीच्या आतल्या कडेची पेस्टिंग, म्हणजे पत्र्याच्या जोडावर भरलेला सीलंट. कंपनीची पेस्टिंग एकसारखी जाते, हाताने भरलेली कुठे जाड कुठे पातळ, कधी ब्रशचे ओरखडे पण दिसतात. दरवाजाचं रबर काढून पिलर, म्हणजे छत धरणारा उभा खांब, बघायला सांग, रबर दाबून परत बसतं, काही बिघडत नाही, डीलर नको म्हणाला तर का नको ते विचार. डिकीत स्टेपनी काढून खालचा पत्रा बघ, मागून धडक बसलेली असली तर तो खड्डा चुरगळतो आणि कितीही ठोकला तरी पहिल्यासारखा होत नाही.

डिचोली_रायडर:
मेस्त्रींनी पत्र्याचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. सगळ्यात आधी चालू इन्शुरन्स पॉलिसीची कॉपी माग आणि त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे ते बघ. क्लेम न करता एक वर्ष गेलं की २०, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं झाली की ५० टक्के. २०१९ ची गाडी, क्लेम नाही म्हणतोय, तर आता ५० दिसायला पाहिजे. शून्य किंवा २० दिसलं तर एक तर मध्ये क्लेम झालाय नाहीतर पॉलिसी तुटली होती, काय ते त्याच्याकडून काढ. अर्थात रोख पैसे देऊन केलेलं काम यात येत नाही, आणि बोनस प्रोटेक्ट (क्लेम केला तरी बोनस टिकवणारं जादा कव्हर) घेतलेला असला तरी फसवणूक होऊ शकते, त्यामुळे शोरूमची सर्व्हिस हिस्टरी पण काढून घे, त्यात बॉडीशॉपची एन्ट्री असते.

अजून एक, आपल्याकडे काळ्या नंबरप्लेटच्या रेंट-अ-कॅब गाड्या नंतर प्रायव्हेट करून विकतात. वाईटच असतात असं नाही, पण दर आठवड्याला नवीन हात, अरुंद रस्ते, मग ठोकाठोकी होतेच. आरटीओतून पर्टिक्युलर्स, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा तपशील, काढले तर आधी कुठल्या क्लासमध्ये होती ते कळतं.

दर्या_वारा (कोलवा):
मला एक वेगळं सांगायचंय. गोव्यात रंग मारला म्हणून गाडी अपघाती असं धरून चालू नका. किनाऱ्याजवळ खारी हवा, वर चार महिने पाऊस, दरवाजाच्या खालच्या कडेला फुगा येतोच, मग लोक पॅनल रंगवून घेतात. वाड्यावरच्या भिंतींना घासलेले दरवाजे तर घरोघरी. चांगल्या गाड्या लोक याच भीतीने सोडतात आणि मग इंजिन बोंबललेली घेतात. रंगवलेला दरवाजा आणि कापून जोडलेला पिलर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पेंट मोजायचं मीटर मिळालं तर न्या. आधी छतावर लावा, छत सहसा कोणी रंगवत नाही, तो आकडा धरून बाकीचं बघा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, २०० च्या वर गेला तर परत रंगवलेला, ५०० च्या वर म्हणजे खाली पुट्टी. बंपर प्लास्टिकचा, तिथे ते चालत नाही. आणि चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझतो का बघा, पेटतच नसेल तर कोणीतरी काढून ठेवलाय. सीटबेल्टच्या खालच्या लेबलवर बहुतेक वेळा तारीख असते, गाडीपेक्षा बेल्ट नवा असेल तर का ते विचारा.

मांडवीकाठ (पर्वरी):
सगळ्यांना खरंच धन्यवाद, आज मीटर घेऊन जाऊन आलो. छत ११० च्या आसपास. डावे दोन्ही दरवाजे २३० ते २६०, बाकी सगळीकडे छतासारखंच. एप्रनचे खळगे दोन्ही बाजूंना आहेत, डाव्या पिलरचं रबर काढलं, आत कंपनीचं वेल्डिंग, स्टेपनीचा खड्डा साफ. आकडे दाखवल्यावर डीलर म्हणाला गेटला घासली होती, मालकाने बाहेरून रंगवली. पॉलिसीवर बोनस ५० टक्के आहे. घेऊ का?

पत्रा_मेस्त्री (फोंडा):
एवढं असेल तर घेण्यासारखी आहे. २६० म्हणजे जाड पुट्टी नाही, नुसता रंग. पैसे देण्याआधी व्हील अलाइनमेंटवाल्याकडे लिफ्टवर चढवून खालून बघ आणि प्रिंट घे, पुढच्या दोन चाकांच्या कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्यात, मोठा फरक आला तर मला इथे आकडे टाक. ओरिजिनल कलर सांगून विकत होता, तेव्हा दोन दरवाज्यांच्या रंगाचे पैसे भावातून कमी करून घे. आणि त्या दरवाज्यांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं रंगाने बुजली असतील तर उघडून घे, नाहीतर आतून गंजतील.