१९६२ चा ‘बुलगासारी’: क्लिप्स खऱ्या का, आणि रीळ सापडलं तर ओळखायचं कसं?

प्रश्न (चित्रपटवेडा): किम म्योंग-जे दिग्दर्शित ‘बुलगासारी’ हा दक्षिण कोरियाचा पहिला महाकाय राक्षसपट मानतात. कोर्यो या कोरियातल्या मध्ययुगीन राजवटीचा अखेरचा काळ, खून झालेला माणूस लोखंड खाणाऱ्या राक्षसाच्या रूपात सूड घ्यायला परततो. प्रिंट हरवली आहे असं सगळीकडे वाचतो, तरी ‘दुर्मीळ दृश्यं’ म्हणून क्लिप्स फिरत असतात. त्या कसल्या? आणि उद्या कुणाकडे जुनं ३५ मिमी रीळ निघालं, तर काय तपासायचं?

रीळवाला: क्लिप्स बहुतेक १९८५ च्या उत्तर कोरियाई ‘पुलगासारी’च्या. दंतकथा तीच, म्हणून घोळ. तो रंगीत आहे, कुणीतरी रंग काढून इंटरनेटवर चढवतो एवढंच. बैलासारखी शिंगं असलेला राक्षस दिसला की पुढे बघायची गरज नाही. त्याचे इफेक्ट्स जपानच्या तोहो स्टुडिओच्या तेरुयोशी नाकानोंनी केले आणि राक्षसाच्या सूटमध्ये केनपाचिरो सात्सुमा होते, म्हणजे १९८४ ते १९९५ च्या चित्रपटांत गॉडझिला झालेले. शोधताना वर्ष आणि दिग्दर्शकाचं नाव टाका, नाहीतर समोर सगळा १९८५ चाच येतो.

जुनीपट्टी: ‘हरवली’ म्हटलं की आगबिग लागली असावी असं वाटतं. कोरियात साठच्या दशकातले बरेच चित्रपट त्याहून साध्या कारणाने गेले: कुणी जपलेच नाहीत. मोजक्या प्रिंट्स निघत, त्या गावोगाव फिरून झिजत, मग फिल्ममधली चांदी काढून घेत किंवा पट्ट्या गवती टोप्यांच्या कडेला लावत. राष्ट्रीय फिल्म संग्रह १९७४ मध्ये उभा राहिला. १९६२ च्या चित्रपटासाठी ती बारा वर्षं फार उशिराची.

परदेशी प्रिंटची आशा मात्र सोडू नका. ‘हाउसमेड’ या कोरियन चित्रपटाच्या (१९६०) दोन रिळांचा भाग इंग्रजी सबटायटल्सच्या प्रिंटमधून परत मिळाला. त्या सबटायटल्स पुसणं हेच तिच्या पुनरुज्जीवनातलं सर्वात किचकट काम होतं.

रीळवाला: आता रीळ. पहिला नियम: प्रोजेक्टरवर चढवायचं नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला, तर फिल्मचा अ‍ॅसिटेट बेस, म्हणजे खालची प्लास्टिकची पट्टी, कुजतोय. ए-डी स्ट्रिप (आम्लाने रंग बदलणारी कागदी पट्टी) डब्यात ठेवून झाकण लावा आणि खोलीच्या तापमानाला निदान २४ तास थांबा. निळी राहिली तर ठीक, हिरवटली तर कूज सुरू, पिवळी झाली तर तातडीची कॉपी. मात्र नंतर डबा हवाबंद करू नका. आम्ल आतच साचतं आणि कूज आणखी वेग घेते.

मग आकुंचन मोजा. प्रोजेक्शन प्रिंटच्या कडेची सलग १०० छिद्रं म्हणजे ४७५ मिमी. ४७० च्या आसपास आलं तर एक टक्का गेला, आणि अशी फिल्म साध्या मशीनच्या दात्यांवर फाटते. निगेटिव्हचं माप १ मिमीने कमी असतं, त्यामुळे आधी हातात काय आहे ते ठरवा. पॉझिटिव्हची, म्हणजे प्रिंटची, छिद्रं सहसा गोलसर कोपऱ्यांची चौकोनी, निगेटिव्हची दोन्ही बाजूंनी फुगीर.

चित्रपटवेडा: नाव कुठे सापडेल?

रीळवाला: शीर्षक पहिल्याच रिळात. मधलंच रीळ मिळालं, तर लीडरवरचं (रिळाच्या टोकाच्या चित्र नसलेल्या पट्टीवरचं) हस्तलिखित नाव आणि रीळ क्रमांक बघा. डब्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास नको, डबे बदलतात. २,००० फुटी रीळ साधारण २२ मिनिटांचं, म्हणजे दीड तासाच्या चित्रपटाची चार-पाच रिळं. कडेवरचा उत्पादकाचा कोड फक्त कच्ची फिल्म कधी बनली ते सांगतो, आणि कोडॅकची चिन्हं दर २० वर्षांनी परत येत असत. १९४२ आणि १९६२ ची सारखीच!

जुनीपट्टी: खरी ओळख पटते चेहऱ्यांवरून. ‘बुलगासारी’तले कलाकार चे मु-र्योंग आणि ओम एंग-रान यांचे त्या काळातले पुष्कळ फोटो उपलब्ध आहेत. पण दोघंही तेव्हा धडाधड चित्रपट करत होते, त्यामुळे नुसता चेहरा जुळणं पुरेसं नाही. सोबत कोर्यो काळाचा पोशाख आणि लोखंड खाणारा प्राणी दिसायला हवा. मोठी शक्यता जाहिराती, स्थिरचित्रं आणि सेन्सॉरकडे दिलेल्या कागदांचीच. १९६२ मध्ये कोरियात चित्रपट कायदा आला, तेव्हापासून सरकारी कागदपत्रं वाढत गेली. मी आधी तीच चाळेन, रीळ नंतर.