सल्ला हवा: भावावर केस चालू आहे, पण पोलिसांनी मारलं त्याची दाद कशी मागायची? (ठाणे / नवी मुंबई)

कोपरखैरणे_मीनल
नमस्कार. सोसायटीच्या पार्किंगवरून झालेल्या भांडणात मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी उचललं. रात्रभर लॉकअपमध्ये ठेवून पट्ट्याने मारलं. पाठीवर आणि पोटऱ्यांवर काळेनिळे वळ होते, सुटल्यावर लगेच फोटो काढलेत. दुसऱ्या दिवशी बेलापूर कोर्टात जामीन झाला.

आमचे वकील जामिनाच्या कामात चांगले आहेत. पण पोलिसांविरुद्ध तक्रारीचा विषय काढला की म्हणतात, "आधी केस संपू द्या, मग बघू." आता समोरचा माणूस मिटवायला तयार आहे, उच्च न्यायालयात संमतीने गुन्हा रद्द करून घ्यायचा असं ठरतंय. संमतीपत्राच्या मसुद्यात मात्र एक वाक्य आहे: "पोलिसांविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यात करणार नाही." सही करावी का? आणि भावाची केस व पोलिसांविरुद्धची तक्रार, दोन्ही सांभाळणारा वकील कसा शोधायचा?

ठाणे_कोर्ट_वकील
मीनलताई, ते वाक्य असेपर्यंत सही करू नका. तडजोड फिर्यादीशी आहे. पोलीस त्यात पक्षकार म्हणून तडजोड करत नाहीयेत, मग त्यांना सोडून देणारं वाक्य कशाला? गुन्हा रद्द व्हायला ते लागत नाही. वकिलांना सांगून खोडून घ्या.

"आधी केस संपू द्या" हे एकाच दाव्याबाबत बरोबर आहे. खोट्या खटल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा निर्दोष सुटल्यावर किंवा खटला संपल्यावरच लावता येतो, तिथून एक वर्षाची मुदत असते. मारहाणीचं तसं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 मध्ये पोलिसांविरुद्धच्या दाव्यांना सहा महिन्यांची मर्यादा आहे, आणि पोलीस ती पहिल्याच तारखेला पुढे करतात. मानवी हक्क आयोग घटनेपासून एक वर्ष उलटलं की चौकशी करू शकत नाही. केस संपायची वाट बघता बघता या दोन्ही मुदती निघून जातात.

एक विचारतो. कोर्टात हजर केलं तेव्हा मॅजिस्ट्रेटनी "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" असं विचारलं होतं का? भाऊ काय म्हणाला?

कोपरखैरणे_मीनल
विचारलं होतं. मागे तेच हवालदार उभे होते. तो नुसती मान हलवून गप्प राहिला.

ठाणे_कोर्ट_वकील
मग कागदावर बहुतेक "तक्रार नाही" असं आलं असणार. तरी नक्कल अर्ज करून रिमांडचा आदेश आणि रोजनामा (त्या दिवशीच्या कामकाजाची कोर्टाची नोंद) काढा, नेमके शब्द बघायला हवेत. खरं तर हजर करण्याआधी दोन मिनिटं अशिलाला बाजूला घेऊन वळ बघणं आणि ते कोर्टासमोर तोंडी सांगून नोंदवून घेणं हे बचावाच्या वकिलाचं काम. तेव्हा झालं नाही म्हणून सगळं संपलं असं नाही. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे आणि तिच्या अहवालाची प्रत आरोपीला मिळायलाच हवी (नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 53). ती मागा. सुटल्यावर दाखवलेल्या डॉक्टरांचे कागद जोडा. फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन विकू नका.

आणि सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने लॉकअपसह पोलीस ठाण्यात सगळीकडे कॅमेरे लावायला सांगितलं. चित्रण 18 महिने जपायचं, यंत्रणा तेवढी नसेल तर किमान एक वर्ष. हे चित्रण जपून ठेवण्याचा आदेश द्यावा असा अर्ज कोर्टात याच आठवड्यात टाका, आणि पोलीस ठाण्यात लेखी पत्र देऊन सही-शिक्क्याची पोच घ्या. उशीर झाला की "पुसलं गेलं" एवढंच उत्तर येतं.

कळव्याची_वंदना
माझ्या भाच्याचं सांगते. किरकोळ कलम होतं, कोर्टाबाहेर सल्ला मिळाला की गुन्हा कबूल कर, दंड भर, घरी जा. पोराने केलं तसं. नंतर मारहाणीची तक्रार दिली तेव्हा पोलिसांच्या उत्तरात पहिली ओळ तीच, "अर्जदाराने स्वतः गुन्हा कबूल केलेला आहे." ताई, दंड कितीही लहान असो, कबुली देऊ नका.

ठाणे_कोर्ट_वकील
वंदनाताईंचं अगदी खरं आहे. याची उलट बाजूही सांगतो. घाईघाईने तक्रार लिहिताना भांडणाची सगळी हकीकत त्यात ओतू नका. "मी फक्त एकच फटका मारला" असं लिहिलंत तर सरकारी वकील ते खटल्यात वापरणार. आयोगापुढच्या जबाबाला मानवी हक्क कायद्याच्या कलम 15 चं संरक्षण आहे, पोलीस आयुक्तालयात दिलेल्या अर्जाला तसं नाही. तक्रार पोलीस ठाण्याच्या दारातून सुरू करायची: कधी नेलं, कोणी मारलं, कशाने, कुठे. कोण भांडलं हा विषय केसमध्ये. कुठलाही अर्ज जाण्याआधी केसच्या वकिलांनी वाचायलाच हवा.

घणसोली_सचिन
केस चालू असताना भरपाईसाठी रिट (मूलभूत हक्कांसाठी थेट उच्च न्यायालयात करायची याचिका) चालते का?

ठाणे_कोर्ट_वकील
चालते. कोठडीत काय झालं हा प्रश्न वेगळा आहे, आरोपी दोषी असला तरी त्याला मारायचा अधिकार कोणाला मिळत नाही. 1993 च्या निलाबती बेहेरा निकालात कोठडीत मुलगा गेलेल्या आईला सर्वोच्च न्यायालयाने दीड लाख रुपये द्यायला लावले, आणि मूलभूत हक्काच्या भंगात सरकारला सार्वभौमत्वाची ढाल (सरकारवर भरपाईचा दावा चालत नाही हा बचाव) वापरता येणार नाही हे स्पष्ट केलं. मात्र घटनाच वादात असेल तर उच्च न्यायालय पुरावा मागतं. म्हणून वरचे कागद आधी.

वकिलाबद्दल: माझ्या मते दोन वकील घ्या. रोज त्याच कोर्टात त्याच पोलिसांसमोर उभं राहणाऱ्याला त्यांच्याविरुद्ध लढणं अवघड जातं, यात त्याचा दोष काढायला नको. रिटसाठी उच्च न्यायालयात काम करणारा बघा. पहिल्या भेटीत विचारा: पोलीस अत्याचाराची रिट केली आहे का, आणि केसच्या वकिलाला मसुदा दाखवाल का? दुसऱ्या प्रश्नाला "नाही" आलं तर पुढचा वकील बघा. फी परवडत नसेल तर ठाणे न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, 15100 वर फोन करून पात्रता विचारा.

कोपरखैरणे_मीनल
वकिलांशी बोलले. वाक्य काढायला तयार झालेत, चित्रणाचा अर्ज उद्या टाकतायत. आयोगाची तक्रार लिहायला घेतली की इथे विचारेन.

ठाणे_कोर्ट_वकील
विचारा. नावं आणि पोलीस ठाणं मात्र इथे लिहू नका.