मदत हवी आहे: उबोल रतना जलाशयातले मासे आणि यकृतकृमीचे कोष

काठावरचा:
थायलंडमधल्या खोन केनजवळच्या उबोल रतना धरणाच्या (१९६६) फुगवट्यातले आणि खालच्या कालव्यांतले मासे ऑपिस्थॉर्किस विवेरिनी या यकृतकृमीसाठी तपासायचे आहेत. पेप्सिनमध्ये (पाचक विकर) पचवल्यावर खवल्या-काट्यांचा गाळ फार उरतो. कोष (माशाच्या मांसातल्या कृमीच्या अळीचे) दोन तऱ्हांचे दिसतात आणि काळा ठिपका दोन्हींत आहे. यकृतकृमीचा कुठला? धरणामुळे संसर्ग वाढला, असं यावरून म्हणता येईल का?

भिंगवाला:
आधी गाळाचं बघू. एक लिटर सलाइनला पेप्सिन अडीच ग्रॅम, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल १५ मिली. कुटलेला मासा एक भाग, द्रावण तीन भाग. ३७ अंशांवर तास-दोन तास, मधूनमधून ढवळत. मग १०००, ३०० आणि १०६ मायक्रॉनच्या चाळण्या. कोष साधारण ०.२ मिमीचा, त्यामुळे तो शेवटच्या चाळणीवर अडकतो. तिथलं सलाइनने निवळ होईपर्यंत धुवा.

काळा ठिपका म्हणजे उत्सर्जन पिशवी. ती हॅप्लॉर्किसमध्येही (आतड्यातला दुसरा बारीक कृमी) असते, म्हणून तिच्यावर जाऊ नका. आकारानेही फसाल. चूषक (चिकटायचे, शोषायचे अवयव) बघा: ऑपिस्थॉर्किसचे दोन्ही जवळपास सारखे, अंगात तपकिरी कण. हॅप्लॉर्किसमध्ये पोटाच्या चूषकापाशी बारीक काटे असतात. मासे बर्फात आणा, गोठवू नका. कोषातली हालचाल थांबली की ओळखणं अवघड होतं.

पाटकरी:
धरणावर सगळं ढकलता येणार नाही. ईसानमध्ये (ईशान्य थायलंड) हा कृमी धरणाआधीही होता. धरणाने बदललं ते पाणी: उथळ, संथ, पाणवनस्पतींनी भरलेले काठ आणि उन्हाळ्यातही ओल्या राहणाऱ्या चाऱ्या. कृमी आधी बिथिनिया गोगलगाईंत वाढतो, मग कार्प कुळातल्या माशांत शिरतो; त्या गोगलगाईंना तेच हवं. पावसात विष्ठा तिथे वाहून आली की साखळी पूर्ण. म्हणून खोल पाणी, काठ आणि चाऱ्या यांचे नमुने वेगळे ठेवा. कार्प कुळातलेच मासे मोजा. त्यांत चिलापी-मरळ मिसळले की सरासरी खाली येते आणि जलाशय उगाच स्वच्छ दिसतो.

काठावरचा:
प्रत्येक ठिकाणी १०० गोगलगाई पुरतील?

पाटकरी:
नाही. बाधित गोगलगाई बहुधा शेकडा एकाहूनही कमी निघतात. प्रमाण ०.३ टक्के धरलं तर निदान एक तरी ९५ टक्के खात्रीने सापडायला सुमारे १००० लागतील. शंभरांत शून्य आलं तर त्याला काही अर्थ नाही. उलट माशात कोष साठत जातात, म्हणून तिथे लवकर दिसतं.

भिंगवाला:
गावात विचारपूस करताना ‘मासे खाता का’ असं विचारू नका, सगळेच हो म्हणतील. ‘कोई प्ला’ कितीदा, ते विचारा. त्यात कच्चा मासा लिंबू पिळून खातात. मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं वाटतं, पण कोष जिवंतच राहतो. (आपलं कालवण रटरटा उकळतं, म्हणून हा घोळ आपल्या चटकन लक्षात येत नाही.) नमुन्यांतले उरलेले मासे कुणाला द्यायचे असतील तर उणे २० अंशांवर सलग सात दिवस ठेवून मगच. घरच्या फ्रीजरवर भरवसा नको, आत थर्मामीटर ठेवा.

आणि गावकऱ्यांनी प्राझिक्वांटेल (कृमीवरचं औषध) घेतलंय का, केव्हा, हेही नोंदवा. किलोमागे ४० मिग्रॅचा एकच डोस कृमी काढतो, पण कच्चा मासा सुटला नाही तर पुन्हा लागण होते. ती नोंद नसेल तर दोन गावांची तुलनाच होणार नाही.