प्रेमकथा कधी भिडते आणि कधी मिटून ठेवावीशी वाटते? (अनुभव धागा)

सायली_गिरगाव
परवा मामींचं कपाट आवरायला घेतलं तर साड्यांखालून एक जीर्ण कादंबरी निघाली. मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची पानं नाहीत, त्यामुळे ना नाव कळत ना लेखक. मागच्या पुठ्ठ्याला वाचनालयाची तारखांची चिठ्ठी मात्र शाबूत, त्यावर जांभळे शिक्के एकाखाली एक. मामी म्हणाल्या, "अगं, परत करायला गेले तर वाचनालयालाच कुलूप." तिथेच फरशीवर बसून वाचायला लागले आणि कॉलेजच्या दिवसांत पांघरुणात बॅटरी लावून वाचलेल्या कितीतरी कादंबऱ्या आठवल्या.

कथा नेहमीचीच. श्रीमंत घरचा मुलगा, शिक्षिका मुलगी, मध्ये त्याची आत्या. तरी सोडवेना. तिच्या वडिलांना ऐकू कमी येतं. घरी येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी ओरडून बोलतो. हा पहिल्यांदा येतो तेव्हा खुर्ची ओढून त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसतो आणि साध्या आवाजात बोलतो. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहून बघते. एवढंच. मला तिचं प्रेम तिथे पटलं. आणि मग शेवटी आत्या एक खोटं पत्र लिहिते नि हा इतका समजूतदार माणूस त्यावर विश्वास ठेवून दोन वर्षं गप्प बसतो! मला खरंच वाईट वाटलं, कारण लेखकाने स्वतःच उभा केलेला माणूस स्वतःच मोडला.

मला वाटतं, ही दोघं एकमेकांना का आवडली हे डोळ्यांना दिसायला हवं आणि आड येणारी गोष्ट खरी हवी. एका प्रश्नाने सुटणारा गुंता असेल तर माझं मन उडतं. तुमचं काय? कुठली भिडली, कुठली मिटली, आणि कशामुळे?

माधवी_रा
गैरसमज!!! माझा तर राग आहे या प्रकरणावर. तो तिला स्टेशनवर कुणाशी तरी हसून बोलताना बघतो आणि थेट विलायतेला निघून जातो. तो 'कुणीतरी' तिचा मावसभाऊ निघतो. अरे विचार की एकदा! बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

वाचनवेडा_इंदूर
नाव न कळणारी कादंबरी म्हटल्यावर झोप उडाली. आत्याचं नाव काय आहे? ती शिक्षिका कोल्हापूरची का?

सायली_गिरगाव
@वाचनवेडा, आत्याला सगळे 'माई'च म्हणतात. गाव सांगलीसारखं वाटतं, नदी आणि घाट आहे. ओळखली तर सांगा हं, सुरुवातीची पानं वाचायचीच आहेत मला.

नदीकाठ
शेवट माहीत असला की मजा जाते म्हणणाऱ्यांनी 'स्वामी' वाचावी. १९६२ ची कादंबरी. माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने जाणार आणि रमाबाई सती जाणार हे इतिहासाच्या पुस्तकात आधीच वाचलेलं असतं. तरी वाचताना प्रत्येक वेळी मनात येतं की या वेळी वाचतील. कारण रणजित देसाईंनी त्या दोघांना एकत्र बसायला वेळच दिलेला नाही. सतत मसलत, मोहीम, काकांचं राजकारण, नाहीतर आजारपण. दोन मिनिटं निवांत मिळाली की कुणीतरी वर्दी घेऊन येतं. खोटं पत्र लागत नाही तिथे, पेशवाईच आडवी येते.
आम्ही दर चतुर्थीला थेऊरला जातो. चिंतामणीचं दर्शन झालं की नदीकडे रमाबाईंच्या वृंदावनापाशी गेल्याशिवाय आई परतत नाही.

केतकी७२
+१ नदीकाठ. माझी आई 'स्वामी'तली रमा आठवली की अजून हळवी होते. थेऊरला आता रस्ता कसा आहे? सोलापूर रोडने जायचं ना? सासूबाईंना न्यायचंय, गुडघे दुखतात त्यांचे, पायऱ्या किती आहेत?

नदीकाठ
@केतकी७२ हो, सोलापूर रोडनेच. देवळात फार चढ नाही, नेता येईल त्यांना. चतुर्थी टाळून जा, गर्दी असते.

ग्रंथपाल_डोंबिवली
माझे वडील छोटंसं वाचनालय चालवायचे, शाळा सुटली की मी काउंटरवर. तिथे जे दिसलं ते सांगते.
दुपारी दोन ते चार बायका यायच्या. पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान. बाबा कुणाला अडवायचे नाहीत. म्हणायचे, ज्यांचा दिवस कसा संपेल हे त्यांच्या हातात नाही त्यांना निदान पुस्तकाचा शेवट आधी बघू दे. शेवट गोड दिसला तरी सगळी पुस्तकं जायची नाहीत. मग मधलं एखादं पान उघडून दोन-चार ओळी वाचायच्या. तिथे दोघं बोलत असतील तर पुस्तक पिशवीत. निसर्गवर्णन लागलं तर परत कपाटात.
दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आलं की समजायचं रात्र जागून संपवलंय. पंधरा दिवसांनी आलं आणि पानं नव्यासारखी कडक, की ते पडून राहिलं. चांगल्या कादंबऱ्यांना तेलाचे, हळदीचे डाग असायचे, कारण त्या ओट्यापाशी उभं राहून वाचल्या जायच्या. पेन्सिलने समासात लिहिलेलंही सापडायचं. एका पानावर होतं, "याने माफी मागितली नाही. मी असते तर गेले नसते." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "मीही." बाबा इतर रेघोट्या खोडायचे, हे मात्र त्यांनी तसंच ठेवलं.
आणि पुरुष वाचायचे नाहीत असं कुणी म्हणू नका. ते बायकोच्या खात्यावर न्यायचे. पुस्तक परत आणून पुढच्या भागाची चौकशी मात्र स्वतः करायचे :)

सायली_गिरगाव
@ग्रंथपाल ताई, "मीही" वाचून अंगावर काटा आला. यावर सविस्तर लिहा ना कधीतरी.

नाईटड्युटी_सिस्टर
मला शेवट गोडच हवा आणि त्यात काही कमीपणा नाही. आयसीयूत असते. रात्रभर जे बघते ते बघितल्यावर पहाटे बसमध्ये फोनवर वाचायला घेते तेव्हा मला खात्री हवी असते की ही दोघं एकत्र येणार आहेत. मध्ये कितीही रडवा, चालेल. शेवटी नायिकेला मारलं की फसवल्यासारखं वाटतं. एकदा अशी मालिका बरेच महिने धरून वाचली आणि शेवटच्या भागात अपघात. तोही ट्रकचा. कारण काही नाही, फक्त संपवायचं म्हणून. त्या लेखिकेचं पुढे काही उघडलं नाही.

माधवी_रा
सिस्टर, तुम्हाला मनापासून सलाम. त्या अपघाताबद्दल मलाही राग आला.

अ_जोगदेव
सिस्टरताईंचं म्हणणं पटतं, पण दुःखी शेवट आणि लादलेला शेवट यात फरक करू या. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९. चक्रधर हिंदुस्थानात परततोय, हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी. युरोपातून निघालेलं जहाज, महायुद्ध तोंडावर. त्याला मुंबईला उतरायचंय, तिला पुढे जायचंय. म्हणजे प्रेम जुळायच्या आधीच वेळ मोजून दिलेला. बंदर जवळ येतंय हे दोघांनाही कळतं, आपल्यालाही कळतं. वाचताना मी अक्षरशः पानं हळू उलटत होतो. तिथे खलनायक म्हणून एक माणूस दाखवता येत नाही, सगळं जगच त्या दोघांच्या मध्ये उभं आहे. हॉस्टेलवर एका बैठकीत वाचली आणि जेवायला गेलो नाही. आज निर्वासितांच्या बोटींच्या बातम्या बघतो तेव्हा हॅर्टा आठवते. मराठीत यापेक्षा मोठी प्रेमकथा मी वाचलेली नाही.

केतकी७२
काका, शेवट सांगू नका प्लीज, कालच मागवलीय!!

अ_जोगदेव
नाही सांगत. वाचून झाली की इथे या, तुमची वाट बघतो.

वकील_सातारकर
कोर्टाच्या मधल्या सुट्टीत लिहितोय. सायलीताईंच्या मामींच्या पिढीने कादंबरीकार चंद्रकांत काकोडकर भरपूर वाचले असणार. त्यांच्या 'नीलांबरी'वरून १९६९ चा 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमा आला हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात त्यांचा खटला निकाली निघाला हे कमी जणांना माहीत आहे. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा आरोप होता. हायकोर्टाने दोषी ठरवलं, सुप्रीम कोर्टाने सोडलं. एका कवीच्या आयुष्यात आलेल्या बायकांची कथा, आणि ती चांगली की वाईट, तरुणांना बिघडवेल की नाही यावर देशातल्या सर्वोच्च न्यायमूर्तींनी बसून विचार केला. कथा म्हणून त्यांना ती फार ग्रेट वाटली असं नाही, पण अश्लील नाही म्हणाले. चांगलं साहित्य आणि गुन्हा नसणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा विवेक मला फार मोलाचा वाटतो. आपण वाचक मात्र अजूनही 'असलं' वाचणाऱ्याला नावं ठेवतो.

शुभदा_नागपूर
माझ्या हॉस्टेलवर मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या. कंपनी १९०८ ची, लंडनची, पण आमच्यासाठी ती सीताबर्डीच्या फुटपाथवरची. एक पुस्तक पूर्ण मजल्यावर फिरायचं. मुंबईची मैत्रीण आधी वाचायची आणि कुठल्या पानावर काय आहे ते सांगायची.
आता मागे वळून बघते तर त्यातलं एक अजिबात सहन होत नाही. नायक मनगट धरून ओढतो, ती नको म्हणते, आणि लेखिका सांगते की मनातून तिला हवंच होतं. तेव्हा आम्ही तेच प्रेम समजायचो. माझी मुलगी आता जे वाचते त्यात तो विचारतो आणि थांबतो. ती म्हणते, "आई, तो थांबतो ना, तिथेच तर धडधडतं." मला हे फार आवडलं. ओढ दाखवायला जबरदस्ती लागत नाही हे तिच्या पिढीला आधीच कळलंय.

माधवी_रा
शुभदा +१००. आणि मराठी जुन्या कादंबऱ्यांत थोबाडीत मारणं! नायक थोबाडीत मारतो आणि ती त्याच्याच छातीवर डोकं ठेवून रडते. तिथे मी मिटते. कायमची.

भागलेखिका_अ
मी स्वतः फोनवर क्रमशः प्रेमकथा लिहिते, त्यामुळे वाचकांचं मन रोज कळतं. 'काँट्रॅक्ट मॅरेज', एका घरात दोन अनोळखी माणसं, हे लोकांना प्रचंड आवडतं. नुसतं स्वप्नरंजन म्हणून नाही. आपल्याकडे कित्येकींचं लग्न तसंच झालंय, आधी संसार आणि मग ओळख. म्हणून तो हळूहळू ओळख होण्याचा भाग त्या जीव लावून वाचतात.
मी एका भागात नायकाला रात्री उरलेली भांडी घासायला लावली. कुणी सांगितलं नाही, कुणी पाहिलं नाही, तो घासून पालथी घालतो आणि झोपतो. सकाळी ती ओटा बघते. त्या भागाला जेवढे प्रतिसाद आले तेवढे त्यांच्या पहिल्या चुंबनालाही आले नव्हते. "आमच्याकडे असं कधी होईल" असं किती जणींनी लिहिलं. मी एकेकीला उत्तर दिलं.
नायक अब्जाधीश असला तर क्लिक जास्त मिळतात हे खरं. पण तो ऑफिसात नक्की काय करतो हे मला माहीत नसेल तर तो पुठ्ठ्याचा होतो. म्हणून आता माझे नायक एसटीत, पतपेढीत, बाजार समितीत.

संतोष_एसटी
ताई, एसटीतला नायक कंडक्टर आहे का ड्रायव्हर? लिंक द्या. मुक्कामी गाडी असते, वाचायला वेळ असतो.

भागलेखिका_अ
@संतोष दादा, कंडक्टर आहे, आणि तिकीट मशीनबद्दल तुम्हाला दहा प्रश्न विचारायचेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

विद्यार्थी_कायमचा
मी हायस्कूलला शिकवतो. मिलिंद बोकीलांची 'शाळा' मुलांना देतो. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, जोशी आणि शिरोडकर. मुलं विचारतात, "सर, यात काहीच होत नाही तरी वाचवत का राहतं?" मी म्हणतो, ती कोणत्या रस्त्याने घरी जाते हे त्याला पाठ आहे ना, तेच तर होतंय. त्या वयात 'आवडतेस' म्हणणं हा डोंगर असतो. आड कुणी यावं लागत नाही. आणि सुऱ्या, चित्र्या, फावड्या ही पोरं! माझ्या मते प्रेमकथा बुडते ती पुष्कळदा दोघांशिवाय कुणीच नसल्यामुळे. मित्र नाहीत, शेजार नाही, पैशाची चिंता नाही. असे नुसते दोघं फार वेळ बघवत नाहीत.

आजी_लिहितेय
नातीने टाइप करून दिलंय. आमच्या वेळी फडके. त्यांचं 'प्रतिभासाधन' १९३१ चं, कादंबरी कशी रचावी त्याचं शास्त्रच. खांडेकरांच्या बाजूचे लोक म्हणायचे की फडक्यांच्या माणसांना पोटापाण्याची काळजी नाही. खरं होतं. पण बाई, आम्हाला घरात पोटापाण्याचीच काळजी दिवसभर होती. फडक्यांची मुलगी सायकलवरून कॉलेजात जायची आणि मुलाशी डोळ्याला डोळा भिडवून बोलायची. माझं शिक्षण सातवीला बंद झालं. मला त्या नायकापेक्षा ती सायकलच जास्त हवी होती. लोकांना वाटतं बायका प्रेमासाठी वाचतात. मी तिच्या बोलण्यासाठी वाचायचे.

शुभदा_नागपूर
आजी, नमस्कार करते तुम्हाला. पुढे सायकल शिकलात का?

आजी_लिहितेय
(नात) आजी म्हणते, हो, लग्नानंतर. आजोबांनीच शिकवली, पहाटे मैदानावर, कुणी बघायच्या आत.

माधवी_रा
आजी!!! यावर कादंबरी हवी. भागलेखिका ताई, ऐकताय ना?

भागलेखिका_अ
ऐकतेय. आजींची परवानगी असेल तरच. नातीला विचारते, आजींना फोन कधी केलेला चालेल?

आजी_लिहितेय
(नात) दुपारी चारनंतर कधीही. आधी झोपलेली असते. आणि आजी सांगते की मोठ्याने बोलायची गरज नाही, तिला छान ऐकू येतं.

वाचनवेडा_इंदूर
सायलीताई, घाट आणि माईआत्या यावरून माझा एक अंदाज आहे, पण खात्री नाही म्हणून नाव लिहीत नाही. इथल्या वाचनालयात जुनी कपाटं शनिवारी उघडतात. प्रत मिळाली तर सुरुवातीच्या पानांचे फोटो पाठवतो.