मदत हवी आहे: न्यू जर्सीहून टोरांटोकडे, पोर्ट क्रेडिट की मेडोव्हेल?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एच-वन-बी वर्क व्हिसाची सहा वर्षं संपत आलीत, कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) हातात आहे. जुलैत एडिसनहून निघतोय. नवऱ्याचं ऑफिस टोरांटोच्या युनियन स्टेशनला लागूनच, आठवड्यातून तीन दिवस जावं लागेल. माझं काम घरूनच. मुलगी पहिलीत जाईल. गाडी एकच. भाड्याला जास्तीत जास्त ३,००० कॅनेडियन डॉलर, दोन बेडरूम. घर विकत घ्यायचं सध्या नाही.

टोरांटोशेजारचं मिसिसागा शहर पक्कं, त्यातलं पोर्ट क्रेडिट की मेडोव्हेल एवढंच ठरायचंय. ब्रॅम्प्टन, ओकव्हिल सुचवू नका, बघून झालंय. पोर्ट क्रेडिटला लेकशोर वेस्ट मार्गाची गो ट्रेन (इथली उपनगरी रेल्वे) दिवसभर मिळते, पण आमच्या बजेटात छोटे काँडोच (फ्लॅट) दिसतात. मेडोव्हेलला तेवढ्याच पैशात ऐसपैस जागा. पण तिथून जाणाऱ्या मिल्टन लाइनच्या गो गाड्या मुख्यतः कामाच्या दिवशी, सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी परत. एरवी गो बस. शाळा पत्त्यावरून ठरते, त्यामुळे वर्षभरात घर बदलायचं टाळायचंय. ऑफिसातल्यांना विचारलं, तर जो तो आपलंच उपनगर सांगतो!

मेडोव्हेलकडून रोज जाणाऱ्यांनो, शेवटची ट्रेन चुकली तर जानेवारीत रात्रीच्या बसवर विसंबता येतं का? आणि कॅनडातली क्रेडिट हिस्टरी (उधारी-कर्जफेडीची नोंद) नसताना घरमालकांनी तुमच्याकडे नेमकं काय मागितलं?